जखमी खेळाडूचे ११.५७ कोटी: एका आकड्याशी भांडण

३० मार्च २०२५, गुवाहाटी. राजस्थान रॉयल्सकडून गोलंदाजी करतोय कल्याणचा तुषार देशपांडे, समोर चेन्नईचा कर्णधार, पुण्याचा ऋतुराज गायकवाड. एक चेंडू ऋतुराजच्या कोपराला लागला. तो त्यानंतरही दोन सामने खेळला, मग कळलं की हाडाला फ्रॅक्चर आहे आणि त्याचा हंगाम संपला. त्याच्या जागी चेन्नईनं घेतला आयुष म्हात्रे. वय १७, राहणार विरार, लिलावात कुणी न घेतलेला, किंमत ३० लाख. २० एप्रिलला वानखेडेवर मुंबई इंडियन्सविरुद्ध त्यानं १५ चेंडूंत ३२ धावा केल्या आणि आमच्या बोरिवली-चर्चगेट लोकलमध्ये दोन दिवस दुसरा विषय नव्हता. विरारचा पोरगा म्हणजे आपल्याच लाइनचा, असा एकूण सूर.

डब्यातल्या चर्चेत एक प्रश्न कुणीच विचारला नाही, आणि नेमका तोच माझ्या पीएचडीचा विषय आहे. ऋतुराजला चेन्नईनं १८ कोटींना कायम ठेवलं होतं. तो बाहेर बसल्यावर त्या १८ कोटींचं काय झालं? ते संघाच्या पर्समध्ये मोजले गेले का? आयुषचे ३० लाख कुठून आले?

ज्यांना ही भानगड नवीन आहे त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. पगार-मर्यादा म्हणजे लीगनं प्रत्येक संघाला घालून दिलेली खर्चाची कमाल सीमा. आयपीएलमध्ये आपण तिला पर्स म्हणतो. २०२२ साली ती ९० कोटी होती, २०२३ ला ९५, २०२५ ला १२०. श्रीमंत मालकानं सगळे चांगले खेळाडू एकट्यानं उचलू नयेत, हा तिचा जाहीर हेतू. आता या मर्यादेत बसवलेला खेळाडू खेळूच शकला नाही, तर संघाचं किती नुकसान झालं हे मोजायचं कसं?

यासाठी एक सोपं माप वापरात आहे. खेळाडूच्या नावावरची रक्कम घ्या, सामन्यांच्या संख्येनं भागा, तो जितके सामने मुकला तितक्यांनी गुणा. ऋतुराज १४ पैकी ५ साखळी सामने खेळला, ९ मुकला. १८ भागिले १४ गुणिले ९ म्हणजे ११.५७ कोटी. दुखापतीमुळे चेन्नईचं एवढं नुकसान झालं, असं हे माप सांगतं. हा आकडा मी स्वतः एका सेमिनारमध्ये स्लाइडवर ठळक अक्षरांत लावला होता. त्यामुळे खालची टीका आधी माझ्यावर आहे, मग बाकीच्यांवर.

हे माप आलं उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीतून. तिथल्या एनएचएल लीगमध्ये २००५-०६ पासून कडक पगार-मर्यादा आहे, आणि जखमी खेळाडूंसाठी एक वेगळी यादी आहे, दीर्घकाळ जखमी असणाऱ्यांची. किमान १० सामने आणि २४ दिवस खेळू न शकणारा खेळाडू तिच्यात टाकता येतो. बरेच लोक समजतात की यादीत टाकला की त्याचा पगार मर्यादेतून पुसला जातो. तसं नाही. पगार मोजलाच जातो, फक्त संघाला मर्यादा ओलांडायची तेवढ्यापुरती परवानगी मिळते.

आपल्या सोसायटीच्या पार्किंगचं उदाहरण घेऊ. जागा मोजक्या. देसाईकाकांची गाडी गॅरेजमध्ये पडलीय, दोन महिने येणार नाही. जागेवर नाव त्यांचंच राहतं, पण कमिटी म्हणते, तोवर पाहुण्याची गाडी लावा. ठीक. प्रश्न उभा राहतो तो गणपतीच्या आदल्या रात्री देसाईकाकांची गाडी दुरुस्त होऊन परत येते आणि पाहुण्याचीही तिथेच असते तेव्हा. आइस हॉकीत नेमकं हेच झालं. तिथली मर्यादा साखळी हंगामाच्या दिवसांवर मोजायचे, बाद फेरीत ती लागूच नव्हती. २०२०-२१ साली टॅम्पा बे संघाचा निकिता कुचेरॉव्ह, मर्यादेतली किंमत ९५ लाख डॉलर, कमरेच्या सांध्याच्या ऑपरेशनमुळे साखळीचे सगळे ५६ सामने बाहेर राहिला. बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात तो परतला, त्या फेरीत सगळ्यांत जास्त गुण त्यानंच मिळवले, आणि संघानं चषक जिंकला. तेव्हा मर्यादा होती ८.१५ कोटी डॉलर, आणि टॅम्पाचा संघ तिच्यापेक्षा सुमारे १.८ कोटी डॉलरनं वर होता. हा आकडा छापलेला टी-शर्ट घालून खेळाडूंनी जल्लोष केला. ऑपरेशन खरं होतं, नियमही मोडला नव्हता. पुढे २०२५-२६ पासून लीगनं बाद फेरीलाही मर्यादा लावली, म्हणजे पळवाट बुजवायला चार वर्षं गेली.

अर्थशास्त्रवाल्यांना दुखापती आवडतात. ऐकायला क्रूर वाटेल, पण कारण सरळ आहे. चांगला खेळाडू नसल्यानं संघाचं काय होतं हे शोधायचं तर कुणीतरी त्याला चिठ्ठी टाकल्यासारखं अचानक काढून घ्यायला हवं, आणि दुखापत ते काम फुकट करते. आमच्या भाषेत याला नैसर्गिक प्रयोग म्हणतात. कुचेरॉव्हच्या प्रकरणानंतर ही चिठ्ठी निखळ राहिली नाही. हाड कधी मोडेल हे नशीब असेलही. पण 'जखमी' हा शिक्का कधी लावायचा आणि कधी काढायचा, हा माणसांनी घेतलेला निर्णय असतो, आणि त्या निर्णयाला मर्यादेत किंमत असते. ज्या निर्णयाला किंमत आहे तो चिठ्ठी म्हणून वापरणं चूक आहे. माझ्या गाईडनी सेमिनारनंतर चहा पिताना एवढंच विचारलं होतं, "ही तारीख डॉक्टरनं ठरवली की मॅनेजरनं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता आपल्याकडे या. आयपीएलनं पार्किंगचा हा घोळ सुरुवातीलाच टाळलाय. बदली खेळाडू घेतला की मूळ खेळाडू त्या हंगामात परत येऊ शकत नाही. गाडी दुरुस्त झाली तरी देसाईकाकांनी ती पुढच्या वर्षीच आणायची. २०२५ च्या नियमांत बदली घ्यायची मुदत संघाच्या बाराव्या साखळी सामन्यापर्यंत होती. बदली खेळाडूला जखमी खेळाडूपेक्षा जास्त पैसे देता येत नाहीत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, त्याचे पैसे त्या हंगामाच्या पर्समध्ये मोजलेच जात नाहीत. करार पुढच्या वर्षी लांबवला तरच ते मोजायला घेतात. म्हणजे आयुषचे ३० लाख १२० कोटींच्या बाहेरचे होते. कुणाच्या ताटातून काढलेले नव्हते.

इथेच ११.५७ कोटींचा आकडा डळमळू लागतो. तुलनेसाठी मुंबई इंडियन्सचं जोफ्रा आर्चर प्रकरण बघा. फेब्रुवारी २०२२ च्या लिलावात मुंबईनं त्याला ८ कोटींना घेतलं. कोपराच्या दुखण्यामुळे तो त्या वर्षी खेळणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. मंडळानं संघांना आधीच कळवलं होतं की त्याची नोंदणी पुढच्या दोन हंगामांसाठी आहे आणि त्याच्या जागी बदली मिळणार नाही. चार खेळाडू कायम ठेवून मुंबईकडे लिलावाला ४८ कोटी उरले होते. त्यातला सहावा हिस्सा अशा खेळाडूवर गेला, ज्याची जागा त्या वर्षी रिकामी राहणार हे करारातच लिहिलेलं. पहिले आठ सामने मुंबई हरली आणि दहाव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर राहिली. सगळा दोष आर्चरच्या रिकाम्या जागेचा नव्हता, एवढं मान्य. पण ८ कोटींचा दुसरा गोलंदाज त्या संघात असता, हेही खरं.

मापानुसार आर्चरचं २०२२ चं नुकसान ८ कोटी आणि ऋतुराजचं ११.५७. प्रत्यक्षात? चेन्नईला मर्यादेबाहेरून एक जास्तीचा खेळाडू मिळाला, त्यानं ७ सामन्यांत २४० धावा केल्या. मुंबईला काहीच मिळालं नाही. ज्याला भरपाई मिळाली त्याचं नुकसान मोठं दिसतं, आणि ज्याची पर्स खरोखर अडकून पडली त्याचं लहान. माप उलटं बोलतंय, कारण ते आकडा बघतं आणि नियम बघत नाही. (कर्णधार गेल्याचं नुकसान पैशांत मोजता येत नाही, हा चेन्नईवाल्या मित्राचा आक्षेप मला मान्य आहे. त्या वर्षी चेन्नई तळाला गेली. पण मग ११.५७ हाही आकडा त्यानं मला सांगू नये.)

आर्चरचा डाव पुढेही फळला नाही. २०२३ मध्ये तो ५ सामने खेळला, २ बळी घेतले, पुन्हा परत गेला. त्याच्या जागी ख्रिस जॉर्डन आला, आणि हंगामानंतर आर्चरला सोडून दिलं. त्याच हंगामात पाठीच्या ऑपरेशनमुळे बुमराही नव्हता. तरी मुंबई बाद फेरीत गेली, आणि कशी गेली हे मजेशीर आहे. २०२२ च्या मे महिन्यात सूर्यकुमार यादव जखमी झाला. मुंबईचं आव्हान तेव्हा संपलेलं, जेमतेम दोनेक सामने उरलेले. तरीही मुंबईनं त्याच्या जागी बदली घेतला, तोही फलंदाज नव्हे. उत्तराखंडचा वेगवान गोलंदाज आकाश मधवाल, २० लाख. त्या हंगामात तो एकही सामना खेळला नाही. पुढच्या वर्षी करार लांबवला, आणि २४ मे २०२३ ला चेपॉकवर लखनौविरुद्ध एलिमिनेटरमध्ये त्यानं ५ धावांत ५ बळी घेतले.

सूर्यकुमारच्या जागेवर मधवाल आला म्हणजे भोक बुजवलं असं म्हणायला जीभ वळत नाही. जखम हे निमित्त होतं. संघाला मिळाला तो पुढच्या वर्षीचा हक्क, लिलावात न उतरता, या वर्षीच्या पर्सला धक्का न लावता. मी मुंबईला दोष देत नाहीये. नियमात बसतं आणि नजर असणाऱ्यानं त्याचा फायदा घेतला. पण मग संशोधकानं हा व्यवहार 'दुखापतीचं नुकसान' या रकान्यात लिहावा का?

चेन्नईनं २०२५ मध्ये हेच तीनदा केलं. ऋतुराजच्या जागी आयुष, वंश बेदीच्या जागी ऊर्विल पटेल, गुरजपनीत सिंगच्या जागी डेवाल्ड ब्रेविस. तिघांनाही २०२६ साठी कायम ठेवलं. यातल्या ब्रेविसवरून वाद झाला. त्याची लिलावातली पायाभूत किंमत ७५ लाख होती आणि चेन्नईनं त्याला २.२ कोटी दिले, म्हणजे गुरजपनीतच्या नावावर जेवढे होते बरोब्बर तेवढेच. ऑगस्टमध्ये अश्विन आपल्या यूट्यूब चॅनेलवर बोलता बोलता म्हणाला की इतर संघही ब्रेविसच्या मागे होते आणि चेन्नईनं जास्त पैसे द्यायची तयारी दाखवली. झालं. चेन्नईला खुलासा काढावा लागला की सगळं नियमावलीतल्या कलम ६.६ प्रमाणे आहे. होतंही. जखमी खेळाडूच्या किमतीपर्यंत देता येतं, आणि त्यांनी तिथपर्यंतच दिलं.

पंधरा दिवस चर्चा चालली ती चेन्नईनं चलाखी केली का, यावर. मला खटकलं ते वेगळंच. त्या सगळ्या गदारोळात गुरजपनीत सिंगला नेमकं काय झालं होतं आणि त्याला पैसे किती मिळाले, हे विचारणारा कुणी दिसला नाही. त्याचं नाव यायचं ते २.२ कोटींच्या आकड्यापुरतं. चेन्नईनं पुढे त्यालाही कायम ठेवलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

जखमी खेळाडूचा करार म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. एक, संघाच्या वहीत त्याच्या नावावर लिहिलेली रक्कम. दोन, त्याच्या बँकेत जमा होणारी रक्कम. एनएचएलमध्ये खेळताना जखमी झालेल्या खेळाडूचा पगार चालूच राहतो, त्याचा बराच भाग विमा कंपनी उचलते, आणि वाद उरतो तो फक्त वहीचा. आयपीएलमध्ये उलटं आहे. वहीतली रक्कम जागची हलत नाही, पण बँकेतली हलते. हंगाम सुरू होण्याआधीच बाहेर पडलात तर साधारणपणे मानधन नाही. संघात दाखल झाल्यावर, स्पर्धेत खेळताना लागलं तर मानधन आणि उपचार फ्रँचायझीकडे. मंडळाशी वार्षिक करार असलेल्यांना मंडळाच्या विम्याचं छत्र असतं. ज्याचा तसा करार नाही, त्या रणजी खेळणाऱ्या पोराच्या बाबतीत दुखापत मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात झाली की एप्रिलच्या पहिल्या, यावर त्याचं वर्ष ठरतं. माझ्या मापात मात्र बुमरा आणि तो पोरगा एकाच सूत्रात बसतात.

सेमिनारमध्ये एक सीनियर म्हणाला, "अगं, पर्सचं काम स्पर्धा बरोबरीची ठेवणं आहे. खेळाडूची काळजी घेणं हे तिचं कामच नाही." मुद्दा बिनतोड वाटतो. पण पर्स पुढच्या वर्षी खेळाडूची किंमतही ठरवते. दहा-बारा गिऱ्हाईकं, प्रत्येकाचा खिसा शिवलेला, आणि माल दुरुस्त होऊन आलेला. अशा बाजारात जखमी खेळाडूचं काय होतं हे बघायला क्रिकेट सोडून कबड्डीकडे जावं लागतं.

उपनगरात कबड्डी ज्यांनी जवळून बघितलीय त्यांना माहीत आहे, इथे खेळाडूचा खरा करार म्हणजे नोकरी. रेल्वे, पोलीस, भारत पेट्रोलियम, महिंद्र, बँका. गुडघा गेला तरी टेबल राहायचं. महिन्याच्या महिन्याला पगार, पोरांना मेडिकल. कुठल्याही पगार-मर्यादेत न मोजलेला हा विमा होता, आणि तो लीगनं दिलेला नव्हता. प्रो कबड्डी आल्यावर रकमा मोठ्या झाल्या, पण त्या एका हंगामाच्या.

चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई सहाव्या हंगामात, २०१८ साली, यू मुंबाकडून खेळला. किंमत ३६.४ लाख, चढाईत २१८ गुण. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सनं १.४५ कोटी मोजले. तेव्हा एका संघाची मर्यादाच ४.४ कोटी, म्हणजे एका माणसावर जवळजवळ तिसरा हिस्सा. आठव्या हंगामासाठी टायटन्सनं त्याला पुन्हा १.३० कोटींना राखलं. डिसेंबर २०२१ मध्ये बंगळुरूच्या बायोबबलमध्ये स्पर्धा सुरू झाली, आणि पहिल्या काही सामन्यांनंतर त्याचा खांदा गेला. टायटन्सनं २२ पैकी एकच सामना जिंकला.

इथपर्यंत माझं माप उत्तम चालतं. १.३० कोटी, मर्यादेच्या साडेएकोणतीस टक्के, बहुतेक सामने हुकलेले, मोठं नुकसान, टायटन्सच्या नावावर. पुढच्या लिलावात, ऑगस्ट २०२२ मध्ये, मुंबईतच, तोच सिद्धार्थ त्याच टायटन्सकडे २० लाखांना गेला. नवव्या हंगामात तो खेळला. त्यामुळे मापाच्या हिशेबानं नवव्या हंगामात त्याच्या खांद्यानं कुणाचंच नुकसान केलं नाही. उलट २० लाखांत असा चढाईपटू मिळाला म्हणून टायटन्सच्या खात्यात फायदा दिसतो. दोन लिलावांमधले १ कोटी १० लाख माझ्या तक्त्यात कुठल्याच ओळीत येत नाहीत. दहाव्या हंगामाच्या लिलावात हरियाणा स्टीलर्सनं त्याला १ कोटीला घेतलं, म्हणजे बाजारालाही वर्षभरानं वाटलं असावं की आपण जरा जास्तच घाबरलो होतो. तोवर ते एक वर्ष सिद्धार्थनं २० लाखांत काढलेलं होतं.

प्रकरण दोनचा तक्ता मी आता नव्यानं मांडतेय. संघाच्या नुकसानीचा रकाना ठेवलाय, पण बदली मिळाला की नाही आणि त्याचे पैसे मर्यादेत मोजले की बाहेर, हे त्याच्या शेजारी लिहायला लागलेय. शिवाय एक रकाना खेळाडूचा, दुखापतीआधीची किंमत आणि नंतरची. आयपीएलचा हा रकाना भरायला सोपा आहे, आकडे सगळे जाहीर आहेत. कबड्डीच्या खालच्या गटातल्या खेळाडूंचा भरताना अडतेय, कारण त्यातले बरेच जण दुखापतीनंतरच्या लिलावाच्या यादीत दिसतच नाहीत. तिथे शून्य लिहायचं की जागा कोरी सोडायची, यावर गाईडशी अजून एकमत झालेलं नाही.